लेड झेपेलिनच्या टेपा, मुंबईतली एक रात्र आणि माझी एक चूक

आजचा विषय ऐकून आमच्या सौ. म्हणाल्या, "संपल्या का हो तुमच्या लढाया?" संपलेल्या नाहीत. पण आज लढाईऐवजी एका रॉक बँडबद्दल बोलणार आहे. हा माणूस आता वाट चुकला, असे कोणाला वाटले तर पाच मिनिटे थांबा. विषय इतिहासाचाच आहे, आणि त्यात माझी स्वतःची एक चूकही कबूल करायची आहे.

सुरुवात घराजवळून करू. २०१८ मध्ये आमच्या या हेब्बाळमध्ये खोदकाम चालू असताना एक शिलालेख सापडला. इ. स. ७५० च्या सुमारचा, गंग राजा श्रीपुरुष याच्या काळातला. लढताना पडलेल्या कित्तय्या नावाच्या वीराचा तो वीरगळ. कित्तय्या कोणी राजा नव्हता, सेनापतीही नव्हता. गावाकडचा एक लढवय्या. पण कोणीतरी छिन्नी हातात घेऊन त्याचे नाव दगडात कोरले, म्हणून पावणेतेराशे वर्षांनंतर फ्लायओव्हरवरून गाड्या धडधडत असताना मी तुम्हाला ते नाव सांगू शकतो. त्याच्या बाजूने आणखी कितीजण पडले असतील. ज्यांची नोंद झाली नाही त्यांच्याबद्दल आपण काहीही बोलू शकत नाही.

सैन्यात आम्हाला हे फार लवकर शिकवतात. मोहिमेवर असताना युनिटची वॉर डायरी रोज लिहायची. कितीही थकलेले असा, पाऊस असो की गोळीबार, आज काय घडले, किती वाजता, कोणत्या ठिकाणी, हे लिहून मगच झोपायचे. लिहिणाऱ्याला त्या वेळी ते कटकटीचे वाटते. तीस वर्षांनी इतिहासकार येतो तेव्हा त्याला त्या चार ओळींखेरीज दुसरा आधार नसतो.

आता बँडकडे येऊ. लेड झेपेलिन १९६८ मध्ये लंडनमध्ये उभा राहिला. गिटारवर जिमी पेज, गायला रॉबर्ट प्लांट, बास आणि कीबोर्डला जॉन पॉल जोन्स, ड्रमवर जॉन बॉनम. २५ सप्टेंबर १९८० ला बॉनम गेला आणि उरलेल्या तिघांनी बँड बंद केला. म्हणजे सगळी कारकीर्द बारा वर्षांची. एवढ्या काळात त्यांनी मैफलीची अधिकृत रेकॉर्ड काढली फक्त एक, १९७६ मध्ये. ती न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या १९७३ च्या कार्यक्रमांची.

यात एवढे बिघडले कुठे, असे तुम्ही विचाराल. बिघडले असे, की हा बँड स्टुडिओत एक वाजवत असे आणि रंगमंचावर दुसरेच. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' हे त्यांचे गाणे पहिल्या रेकॉर्डवर साडेसहा मिनिटांत संपते. तेच गाणे १९७२ च्या एका मैफलीत पंचवीस मिनिटे चालते. मधेच पेज व्हायोलिनचा गज गिटारच्या तारांवर फिरवतो, प्लांट त्याच्या सुरांना गळ्याने उत्तर देतो, बॉनम दोघांना ओढून पुन्हा समेवर आणतो. 'समेवर' हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्याकडे तीन मिनिटांच्या तव्यावरचा राग आणि रात्रभराच्या मैफलीतला राग यांत जो फरक, तोच हा. तवा ऐकून गवई कळत नाही, आणि स्टुडिओची रेकॉर्ड ऐकून हा बँड कळत नाही.

मग या मैफली आज आपण ऐकतो त्या कोणाच्या कृपेने? बहुतेक वेळा खिशात, पिशवीत किंवा कोटाखाली यंत्र लपवून आत शिरलेल्या श्रोत्यांच्या.

त्यांच्या मैफलींच्या टेपांमध्ये सर्वांत जुनी मानली जाते ती ३० डिसेंबर १९६८ ची. ठिकाण अमेरिकेतले स्पोकेन, गोन्झागा विद्यापीठाची व्यायामशाळा. बँडची पहिली रेकॉर्ड अजून बाजारातही आली नव्हती. स्थानिक जाहिरातीत नाव छापले होते 'लेन झेफ्लिन'! ज्या बँडचे नाव छापणाऱ्याला नीट माहीत नव्हते, त्याचे गाणे एका विद्यार्थ्याने टेप केले. त्याने ते केले नसते तर त्या बँडचे जन्मकाळातले रूप कोणालाच ऐकता आले नसते.

दुसरी टेप ४ सप्टेंबर १९७० ची, लॉस एंजेलिसच्या फोरम सभागृहातली. प्रेक्षकांत बसून केलेले ते रेकॉर्डिंग चोरट्या रेकॉर्डच्या रूपाने दुकानांतून विकले गेले, आणि त्या रात्री शेवटी वाजवलेल्या एका जुन्या गाण्यावरून 'लाइव्ह ऑन ब्लूबेरी हिल' या नावाने जगभर गाजले.

बँडचा मॅनेजर पीटर ग्रँट या प्रकारावर फार चिडत असे. धिप्पाड माणूस, पूर्वी कुस्तीच्या आखाड्यातही उतरलेला. १९७१ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला त्याला गर्दीत एक माणूस यंत्र धरून उभा दिसला. ग्रँटच्या मंडळींनी ते यंत्र फोडून टाकले. नंतर कळले की तो बिचारा सरकारी कर्मचारी होता आणि गाण्याचा आवाज किती मोठा आहे ते मोजायला आला होता.

आणि तिसरा किस्सा माइक मिलर्डचा. हा लॉस एंजेलिसचा माणूस. चांगला धडधाकट असूनही व्हीलचेअरवर बसून सभागृहात जायचा, कारण खुर्चीखाली नाकामिची ५५० जातीचा जड कॅसेट रेकॉर्डर लपवलेला असायचा. २१ जून १९७७ ची त्याने केलेली टेप आजही प्रेक्षकांतून केलेल्या उत्तम रेकॉर्डिंगपैकी एक गणली जाते. १९९४ मध्ये तो वारला. यंत्र वापरायचे कसे याचे त्याला पक्के भान होते. जागा कोणती धरायची, मायक्रोफोन कुठे ठेवायचा, टेप कधी उलटायची, सगळे आधी ठरलेले. आमच्या सिग्नल्समधला चांगला हवालदार झाला असता.

मी स्वतः सिग्नल्सचा अधिकारी, त्यामुळे यातली तांत्रिक बाजू दोन मिनिटांत सांगतो. पुढे माझी चूक समजायला ती लागेल. कॅसेटची फीत सुमारे पावणेचार मिलिमीटर रुंद, आणि ती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला पंचेचाळीस मिनिटे मिळतात. दोन-अडीच तासांच्या मैफलीत फीत दोनदा-तीनदा उलटावी किंवा बदलावी लागते, आणि नेमके तेव्हाच काहीतरी निसटते. पुढे एका टेपवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी नक्कल होत गेली की दर वेळी खरखर वाढते, वेग थोडा इकडेतिकडे होतो आणि वरचे सूर बोथट होतात. म्हणून जाणकार विचारतात, ही टेप कितव्या पिढीची? आणि एक लक्षात ठेवा. रेकॉर्डिंगचे बटण दाबले की फीत आधी खोडणाऱ्या हेडवरून जाते आणि मग लिहिणाऱ्या हेडवरून. जुने पुसले गेल्याशिवाय नवे लिहिले जात नाही.

आता मुंबई. ऑक्टोबर १९७२ मध्ये जपानचा दौरा आटोपून पेज आणि प्लांट मुंबईत आले. फोर्टात सर फिरोजशहा मेहता रस्त्यावर एचएमव्हीचा स्टुडिओ होता. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने जानेवारी १९६८ मध्ये याच स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन काम केले होते. बासरीवादक आणि संगीतकार विजय राघव राव यांनी पेज आणि प्लांटसाठी भारतीय वादक जमवले आणि त्यांची दोन गाणी, 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स', सारंगी, तबला, व्हायोलिन यांच्या मेळात वाजवून घेतली. एका बाजूला ठोक्यांचा हिशेब पाश्चात्त्य, दुसरीकडे आपले तालाचे आवर्तन. दोन भाषांची माणसे एकाच टेबलावर बसून वाटाघाटी करताहेत असे ते ऐकताना वाटते. सगळे जुळलेले नाही, पण प्रयत्न प्रामाणिक आहे.

त्याच मुक्कामात हे दोघे कुलाब्यातल्या 'स्लिप डिस्क' नावाच्या छोट्या डिस्कोथेकमध्ये गेले आणि तिथल्या मंचावर चढून वाजवले. साथीला बासवर आणि ड्रमवर मुंबईतलेच वादक. मानधन म्हणून स्कॉचची बाटली घेतली, असे सांगतात. ज्यांच्यासाठी अमेरिकेत वीस-वीस हजारांची सभागृहे भरत, ते दोघे कुलाब्यात मूठभर पोरांपुढे वाजवून गेले.

आता या दोन घटनांचे पुढे काय झाले ते पाहा. इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी खरा धडा यात आहे.

स्टुडिओतली टेप बँडने प्रसिद्ध केली नाही. पण तिच्या नकला बाहेर फिरल्या आणि संग्राहकांनी त्या चाळीसेक वर्षे जपल्या. मात्र त्यांच्यावर तारीख चुकीची पडली. कित्येक कॅसेटांवर 'मार्च १९७२' असे लिहिलेले असे. एकाने लिहिले, दुसऱ्याने तसेच उतरवले, तिसऱ्याने छापले. शेवटी ३१ जुलै २०१५ ला 'कोडा' या अल्बमच्या नव्या आवृत्तीत ही दोन्ही गाणी अधिकृतपणे आली आणि महिना ऑक्टोबर असल्याचे नोंदले गेले. मधल्या काळात, १९९४ मध्ये, पेज आणि प्लांट पुन्हा एकत्र आले तेव्हा त्यांनी नेमकी हीच दोन गाणी नव्या साजात वाजवली. मुंबईत पेरलेले बावीस वर्षांनी उगवले असे मी म्हणतो. हे म्हणता येते ते ती टेप उरली म्हणून.

स्लिप डिस्कच्या रात्रीचे तसे झाले नाही. तिचा आधार म्हणजे हजर असलेल्यांच्या आठवणी. त्या मोलाच्या आहेत, पण आठवण दर वर्षी थोडी बदलते. क्लबमध्ये शंभर माणसे मावत असतील, तर 'मी तिथे होतो' म्हणणारे पाचशे भेटतात. लढायांचेही असेच होते, हे तुम्हाला मागच्या भागांतून ठाऊक आहे.

आता आपल्याच मुलांचे पाहू. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई, कोलकाता, मद्रास, बंगळुरू, शिलाँग इथे गिटारवाल्या मुलांचे कितीतरी बँड होते. सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी इंपीरियल टोबॅको कंपनी 'सिमला बीट' स्पर्धा भरवायची. मुंबईत षण्मुखानंद सभागृहात अंतिम फेरी व्हायची. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांच्या निमित्ताने दोन एलपी निघाल्या. त्यांत आमच्या बंगळुरूचा 'डायनोसॉर्स' आहे, शिलाँगचा 'फेंटोन्स' आहे. आज परदेशातले संग्राहक त्या मूळ तबकड्यांच्या शोधात असतात. पण एका बँडच्या वाट्याला एक-दोन गाणी. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, जिमखान्यात, लग्नाच्या मांडवात ही मुले तासन्‌तास जे वाजवत, त्याच्या मानाने हे किती?

आपल्या नंदू भेंडे यांचेच उदाहरण घ्या. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा. 'वेलवेट फॉग', 'सॅव्हेजेस', 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' अशा बँडमधून इंग्रजी रॉक गायला, १९७४ मध्ये अलेक पदमसी यांच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ज्युडास झाला, आणि १९७८ मध्ये पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'त मराठी रंगभूमीवर उभा राहिला. रॉकचा गळा मराठी नाटकात कसा आला, हे समजायला त्यांच्या तरुणपणीच्या मैफली ऐकायला हव्यात. २०१४ मध्ये ते गेले.

गंमत अशी की रेकॉर्डिंग जपण्याची सवय मराठी माणसाला नव्हती असे नाही. पुण्या-मुंबईत, धारवाड-बेळगावात अशी घरे आहेत जिथे भीमसेनजींच्या, कुमारांच्या, मन्सूरअण्णांच्या खासगी मैफलींचे स्पूल देवघरातल्या पोथीसारखे जपले गेले. बँडच्या बाबतीत मात्र घरच्यांचे एकच मत, 'काय तो गोंगाट!' गोंगाट कोण जपून ठेवतो? जे आपल्याला थोर वाटते तेच आपण टिपतो, आणि थोर काय हे त्या क्षणी ठरवणारे आपण बहुतेक वेळा चुकतो.

आता माझी चूक.

१९८३ मध्ये मी कॅप्टन होतो, पोस्टिंग सिक्कीमला. एका थंड रात्री आमच्या कंपनीचा बडा खाना झाला. माझ्याकडे सुट्टीत घेतलेला जपानी टेपरेकॉर्डर होता. माझ्या तुकडीत सांगलीकडचा एक हवालदार होता, त्याचा पोवाडा मी टेप केला. डफ नव्हता म्हणून स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या डब्यावर त्याने ताल धरला होता. चाळीस-पंचेचाळीस मिनिटे तो गायला. मधे हशा, टाळ्या, कोणाचे तरी ताट पडल्याचा आवाज, सगळे त्यात आले.

दोन वर्षांनी मी महूला कोर्सवर गेलो. तिथे एका मित्राकडे झेपेलिनच्या लॉस एंजेलिसच्या १९७२ च्या मैफलीची कॅसेट होती. एका रात्रीसाठी मिळाली. कोरी कॅसेट जवळ नव्हती, दुकाने बंद. ट्रंकेतून ही बडा खान्याची कॅसेट काढली, लेबलावर काट मारली आणि वर 'झेपेलिन लाइव्ह' असे लिहिले. मनात म्हटले, पोवाडा काय, पुन्हा गाऊन घेऊ त्याच्याकडून. झेपेलिन पुन्हा कुठे मिळणार?

१९८९ मध्ये तो हवालदार रस्त्यावरच्या अपघातात गेला. तोपर्यंत आमची गाठ पुन्हा पडली नव्हती.

आणि झेपेलिन? ती मैफल, २५ जून १९७२ ची, २७ जूनच्या लाँग बीचच्या मैफलीबरोबर २००३ मध्ये 'हाउ द वेस्ट वॉज वन' या नावाने तीन सीडींत अधिकृतपणे निघाली, मूळ टेपांवरून, स्वच्छ आवाजात. माझी पाचव्या-सहाव्या पिढीची खरखरणारी नक्कल त्या दिवशी निरुपयोगी झाली. ज्या मैफलीच्या जगात हजारो प्रती होत्या ती मी दुर्मीळ समजलो, आणि ज्या आवाजाची जगात एकच प्रत होती तिच्यावर स्वतःच्या हाताने बटण दाबले.

दोन वर्षांपूर्वी फोन आला. "साहेब, तुम्ही माझ्या वडिलांचे कंपनी कमांडर होता ना? आई सांगायची, साहेबांनी बाबांचा पोवाडा टेप केला होता. आहे का हो तो अजून?" तो हवालदाराचा मुलगा. वडील गेले तेव्हा सहा वर्षांचा होता. मी त्याला खरे सांगितले. युद्धात हुकूम देताना जीभ जड झाली नव्हती इतकी त्या फोनवर झाली. तो म्हणाला, "असू द्या साहेब, त्या वेळी कोणाला ठाऊक असतं."

त्या रात्री झोप लागेना. माळ्यावरून ट्रंक काढली, कॅसेट शोधली. हेब्बाळच्या दमट हवेत फितीवर बुरशीचे पांढरे ठिपके आले होते. चार दिवस ती साफ केली, नव्या कवचात घातली, हेडचा कोन जुळवला आणि चालू केली. एक्केचाळीस मिनिटे झेपेलिन. मग 'खट्‌' असा आवाज. महूला त्या रात्री मी जिथे रेकॉर्डिंग थांबवले होते ती जागा.

आणि तिथून पुढे डब्यावरचा ताल.

बाजू संपेपर्यंत सुमारे चार मिनिटे होती. पोवाड्याचा शेवट, जयजयकार, एक खोकला, आणि माझाच पंचविशीतला आवाज, "वा! अजून एक होऊन जाऊ दे!" मी ते चार मिनिटांचे ध्वनिमुद्रण संगणकावर उतरवून मुलाला पाठवले. दुसऱ्या दिवशी त्याचे उत्तर आले. "साहेब, आई म्हणाली, खोकला त्यांचाच आहे."

मंडळी, माझ्याकडे झेपेलिनच्या मैफलींच्या साठ-सत्तर टेपा आहेत. त्या जपणाऱ्या विद्यार्थ्यांचा, मिलर्डसारख्यांचा मी ऋणी आहे. पण दुर्मीळ रेकॉर्डिंग म्हणजे काय, हे मला त्या खोकल्याने शिकवले. नाव किती मोठे यावर ते ठरत नाही. जगात प्रती किती उरल्या, यावर ठरते.

तेव्हा या रविवारी एक काम करा. घरातल्या जुन्या कॅसेट आणि स्पूल बाहेर काढा. आजोबांची भजने, आजीच्या ओव्या, कॉलेजच्या बँडचा गोंगाट, जे असेल ते. बुरशी असेल तर यंत्रात घालू नका, आधी जाणकाराला दाखवा. संगणकावर उतरवताना आवाज दाबणाऱ्या फायलीत साठवू नका, वेव्ह फाइल करा, आणि दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. प्रत्येकीवर गाव, तारीख, गाणाऱ्याचे नाव लिहा. मुंबईच्या टेपेवर नुसता महिना चुकला तर चाळीस वर्षे लोक चुकीचे सांगत राहिले.

आणि शेवटचे. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन टोकांना प्लॅस्टिकचे दोन छोटे चौकोनी तुकडे असतात, एकेका बाजूसाठी एकेक. ते मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही, बटणच दाबले जात नाही. नखाने मोडतात. अर्धा सेकंद लागतो.

१९८३ च्या त्या रात्री मी तो तुकडा मोडला नव्हता. तुम्ही आज मोडा.

पुढच्या भागात पुन्हा लढायांकडे वळू. जय हिंद.